फोन न येण्याचे पाच दिवस

कोपरच्या भावना भोईरला ओळखणारं कुणीही सांगेल, की ही बाई एका वेळी दोन ठिकाणी असते. हात भाजी निवडत असतात आणि मन भलतीकडेच फिरत असतं. नवऱ्याला, म्हणजे जयेशला, दुकानाचा माल घेऊन कल्याणहून घरी यायला अर्धा तास उशीर झाला आणि त्याचा फोन आला नाही, की तिच्या डोळ्यांपुढे पत्रीपुलावरचा ट्रक, आडवी पडलेली स्कूटर, भोवतीची गर्दी, कुणीतरी आणलेली पाण्याची बाटली असं सगळं उभं राहायचं. त्या गर्दीतल्या माणसांच्या शर्टांचे रंगसुद्धा तिला दिसायचे. तेवढ्यात जयेश गाडी लावून वर यायचा आणि ही त्याला नखशिखान्त न्याहाळायची.

"काय झालं?" तो विचारायचा.

"कुठे काय? हातपाय धुवा."

ती मूळची कळव्याजवळच्या खारीगावची. ठाण्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झाली आणि निकाल लागायच्या आत भोईरांच्या घरात सून म्हणून आली. तेव्हा घरापुढे भातखाचरं होती. पुढे त्या जागी चार मजल्यांची इमारत झाली. तिसऱ्या मजल्यावर हे तिघं, दुसऱ्यावर थोरले दीर काळुराम आणि जाऊ गोदाताई, आणि तळमजल्याच्या एका गाळ्यात जयेशचं दुकान, शेजारच्यात भावनाची चौथीपर्यंतच्या मुलांची शिकवणी. गॅलरीतून खाडी दिसायची. थंडीत सकाळी तिवरांवर धुकं उतरलं, की होडीतली माणसं नुसती राखाडी ठिपक्यांसारखी वाटायची. मग ती माणसं कोण, कुठे निघाली, घरी कुणाला काय सांगून निघाली, हे सगळं भावना मनातल्या मनात ठरवून टाकायची. चहा निवून जायचा.

अशा आईच्या पोटी समिधा जन्मली. एकुलती एक. आणि बी. एस्सी. झाल्यावर एका रविवारी तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की मला सैन्यात जायचंय.

काळुरामदादा सोफ्यावर मांडी घालून बसले होते. त्यांना आनंदच झाला. "भरतीला जातंस? मंग पोरीला धाववायला लागंल. जयेश, सकालची धा अंडी चालू कर."

"काका, शिपायाची भरती नाही ही," समिधा म्हणाली. "ग्रॅज्युएट झालं की थेट ऑफिसर होता येतं. आधी लेखी परीक्षा, दिल्लीहून घेतात ती. मला इंग्रजी आणि सामान्य ज्ञान, दोनच पेपर. त्यात पास झालं की पाच दिवस मुलाखत."

"पाच दिस? येवडा इचारतात तरी काय?"

"सगळंच. इंजिनियर असते तर लेखी न देता थेट मुलाखतीला बोलावणं आलं असतं. वकिली शिकले असते तर त्यांची वेगळी शाखा आहे." ती जरा थांबली आणि आईकडे न बघता म्हणाली, "एनसीसीचं सी सर्टिफिकेट असतं, तरी लेखी टळली असती."

ते वाक्य भावनाच्या वर्मी लागलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी समिधाने एनसीसीचा फॉर्म आणला होता. दहा दिवसांचा कॅम्प, तंबूत राहायचं, हे ऐकल्यावर भावनाला रात्रभर साप दिसत राहिले आणि सकाळी तिने फॉर्मवर सही करायचं नाकारलं होतं. समिधा तेव्हा काही बोलली नव्हती. आताही एवढं एकच वाक्य बोलली.

"नि किती वर्सांची नोकरी?" दादांनी विचारलं.

"आधी दहा. मग वाढवता येते."

"धा वर्सां नोकरी करून मंग घरीच यायचा, तं जायचा कनाला?" असं म्हणत ते उठले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला समिधा खाडीच्या रस्त्यावर धावायची आणि तिच्या मागे काळुरामदादा बुलेटवरून "चल, चल, दम धर!" असं ओरडत यायचे. लेखी परीक्षेला धावावं लागत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

सप्टेंबरात पेपर झाले. समिधा पास झाली. फेब्रुवारीत भोपाळला मुलाखतीला बोलावणं आलं.

मग घरात एक नवाच खेळ सुरू झाला. मुलाखतीच्या पहिल्याच दिवशी एक अंधूक चित्र दाखवतात. अर्धा मिनिट बघायचं आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. समिधाने मोबाइलवर अशी पुष्कळ चित्रं जमवली होती. वेळ लावायला तिला कुणीतरी हवं होतं. भावना घड्याळ घेऊन बसली आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःही एक वही उघडली. धुरकट झाड, त्याखाली दोन आकृत्या, लांब कुठेतरी उजेड. भावनाचं पेन थांबेना. आयुष्यभर ती जे चोरून करत आली होती, ते कुणीतरी परीक्षेत मागत होतं, याचंच तिला नवल वाटलं.

दहा-बारा गोष्टी झाल्यावर समिधाने ती वही मागून घेतली आणि पलंगावर पालथी पडून वाचली.

"आई, भारी लिहितेस तू. खरंच. पण एक सांगू? तुझ्या गोष्टीत कुणी काही करतच नाही गं. सगळे नुसते दारात उभे राहून वाट बघतात."

"मग काय करायला हवं त्यांनी?"

"काहीही. उठायला तरी हवं."

भावना हसली. पण वही कपाटात ठेवताना तिला वाटलं, की मुलीने गोष्टी नाही, आपल्यालाच वाचलंय.

समिधा जायच्या आदल्या आठवड्यात भावना कुणाला न सांगता ठाण्याला गेली. तिच्या कॉलेजातल्या मायाची धाकटी बहीण मेघना नौपाड्यात राहायची. सैन्यात दहा वर्षं काढून ती मेजर म्हणून बाहेर पडली होती. एका दवाखान्याच्या वर, जुन्या इमारतीत तिचं घर. भावना जिना चढली आणि बेल वाजवायच्या आधी तिने दारावरची पाटी दोनदा वाचून घेतली.

"विचारा भावनाताई, काय विचारायचंय ते," मेघनाने पोह्यांची बशी पुढे केली.

"तुमच्या आईला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पहिलं वर्ष आम्ही दोघी एकमेकींशी अगदी नियमाने खोटं बोललो. मी सांगायचे, मस्त चाललंय. ती सांगायची, रात्री छान झोप लागते."

"आणि नंतर?"

"नंतर माझं खरोखर मस्त चालायला लागलं. तिचं मला अजून माहीत नाही."

दोघी हसल्या. मग भावनाने दादांचा प्रश्न आपला म्हणून विचारला, की दहा वर्षांनी पुढे काय.

"चौदापर्यंत वाढवून मिळतात. कायमचं राहायचं असेल तर तसाही अर्ज करता येतो. मी बाहेर पडले. आता घोडबंदरला एका कंपनीची गोदामं सांभाळते. चारशे माणसं आहेत. एकहीजण मला 'मॅडम, जरा बाजूला व्हा' म्हणत नाही." मेघनाने चहाचा घोट घेतला. "पण पुढचं पुढे. आधी हे पाच दिवस. तिथे ना, फिरून फिरून एकच बघतात. ही मुलगी स्वतःच्या पायांनी आलीय, का घरचं गाठोडं डोक्यावर घेऊन. गाठोडंवाली मुलं लगेच ओळखू येतात. तेव्हा ती तिथे असेपर्यंत घरचं काही तिच्या कानावर घालू नका."

"फोन तरी करू शकेल ना ती?"

"फोन जमा होतात. पहिल्या दिवशी दुपारी गाळणी असते. निम्म्याहून जास्त मुलं त्याच दिवशी परत पाठवतात आणि फोन हातात देतात. म्हणजे पहिल्या दुपारी तिचा फोन आला, तर समजा परत निघाली. नाही आला, तर आत आहे."

"म्हणजे फोन नाही आला तर चांगलं?"

"तर चांगलं."

नौपाड्यातून भावना स्टेशनकडे चालत निघाली. दुकानांच्या पाट्या, भाजीच्या गाड्या, दवाखान्याबाहेर ताटकळलेली माणसं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. सत्तेचाळीस वर्षं ज्या गोष्टीला ती घाबरत आली, तिचीच आता वाट बघायची होती.

रविवारी संध्याकाळी कल्याणहून गाडी सुटली. समिधाने खिडकीतून हात हलवला नाही, नुसती हसली. परतल्यावर घराच्या जिन्यात जयेश म्हणाला, "झोपू या आज लवकर," आणि दोघंही जागीच राहिली.

सोमवारी सकाळी भावना दूध आणायला नाक्यावर गेली. रिक्षा स्टँडच्या डोक्यावर दहा फुटांचा बोर्ड लागला होता. गावात हे रोजचंच. वाढदिवस, बारसं, कबड्डीचा कप, कुणी नवी गाडी घेतली, तरी बोर्ड लागतो. तिने सवयीने वर बघितलं आणि दुधाची पिशवी हातातून सुटता सुटता राहिली.

वर समिधा होती. डोकं समिधाचं आणि खाली लष्करी गणवेश. खांद्यावर चांदण्या, छातीवर कुणाचीतरी पदकं. हात कमरेवर होते आणि मनगटांवर चांगले दाट केस होते. मागे दोन रणगाडे आणि एक वाघीण. 'आमच्या गावची शान, भोईर घराण्याची वाघीण, लेफ्टनंट कु. समिधा जयेश भोईर हिची भारतीय सैन्यात अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक काळुराम गुणाजी भोईर आणि मित्रमंडळ.' खाली मित्रमंडळाचे बारा गोल चेहरे, सगळे हात जोडलेले.

"काय भावनाताई, पेढे कधी?" एक रिक्षावाला ओरडला.

भावनाने फोटो काढून मेघनाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. "गणवेश असा कुणी घालत नाही, फोटोतसुद्धा नाही. आणि तिची निवड झालेली नाही. हा फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला तर तिथे तिचं मन कशात लागणार? काढा. आजच."

संध्याकाळी समिधाचा फोन आला. "पोचले गं. खोल्या छान आहेत. गुजरातची एक मुलगी आहे, तिला डोंबिवली कुठे आहे माहीत नाही, विचार कर! आता फोन देतोय आम्ही. घरी सगळं ठीक ना?"

भावनाच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं. "सगळं ठीक. दादा विचारत होते, धावतेस का."

"सांग, धावतेय म्हणून," समिधा हसली आणि फोन बंद झाला.

भावना दुसऱ्या मजल्यावर गेली. पंचवीस वर्षांत ती थोरल्या दिरांशी "चहा ठेवू का" आणि "हो, आलेच" याच्यापलीकडे फारसं बोलली नव्हती. दादा टीव्हीवर क्रिकेट बघत होते. ती दारातच उभी राहिली.

"दादा, तो बोर्ड उतरवायला हवा."

"कंचा?"

"समिधाचा. तिची निवड झाली नाही अजून. नुसती मुलाखतीला गेलीय."

"व्हईल ना. लेखी पास झाली, तं मुलाखतीन काय हाय? साहेब लोकांला बोलायचा. आपली पोर बोलायला कमी हाय का?"

"तिथे दहातले नऊ परत येतात, दादा."

दादांनी आवाज बारीक केला. टीव्हीचा.

"आमचा बापूस चाळीस वर्सां मिठागरान राबला," ते म्हणाले. "पायांना भेगा पडून मेला. त्याचा नाव कुटं लिवलेला पायलंस तू? रेशनकार्डावर, नि मेल्याचे दाखल्यावर. बस. गुणाजी ह्यो शब्द मी येवडा मोट्टा पयल्यांदा पायला, तो आज. पोरीचे नावाखाली." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "नि आता उतरवला, तं लोकां काय बोलतील? नापास झाली बोलतील. तुला चालंल?"

दोन्हीकडून कोंडी झाली होती. बोर्ड राहिला तर मुलगी परत येईल ती आपल्याच खोट्या चेहऱ्याखालून, डोकं खाली घालून चालत. उतरवला तर ती तिकडे परीक्षा देत असताना इकडे गाव तिला नापास ठरवून मोकळं होईल. ती वर आली. अंधारलेल्या गॅलरीत उभी राहिली तर खाडीवर एक दिवा हळूहळू सरकत होता. कुणीतरी जाळं लावायला निघालं असावं. नेहमीसारखी त्या माणसाची गोष्ट सुरू व्हायला लागली आणि पहिल्यांदाच भावनाने ती मध्येच थांबवली.

मंगळवार. गाळणीचा दिवस. शिकवणीच्या मुलांना तिने सुट्टी दिली आणि फोन समोर ठेवून बसली. खरं सांगायचं तर अकरा वाजेपर्यंत तिला तो वाजायला हवा होता. वाजावा, समिधाने म्हणावं "आई, येतेय परत," आणि सगळं पूर्वीसारखं व्हावं. अकराला तिने हे स्वतःशी कबूल केलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. मग तिला भोपाळ दिसायला लागलं, जे तिने कधी बघितलं नव्हतं. मोठा तलाव, त्यावर ऊन. एका लांबलचक खोलीत शंभर मुली, प्रत्येकीच्या छातीवर आकडा. पडद्यावर धुरकट चित्र. समिधा डोळे बारीक करून बघतेय. तिच्या चित्रातला माणूस उठतोय, चालायला लागतोय.

एक वाजला. दोन. अडीचला फोन वाजला आणि भावनाने तो पहिल्याच रिंगला उचलला. गॅसवाला होता. तिने त्याला इतकं प्रेमाने "उद्या या हं" म्हटलं, की तो गोंधळला. तीन वाजले, साडेतीन झाले. चार वाजता ती उठली, फोनवरून हात फिरवला आणि खाली जयेशच्या दुकानात जाऊन म्हणाली, "अहो, फोन आला नाही."

जयेश घाबरला. पंचवीस वर्षांची सवय. मग त्याला आठवलं आणि तो गल्ल्यावरून उठून उभाच राहिला.

मुलगी आत होती. आणि बोर्ड बाहेर होता.

त्याच संध्याकाळी भावना बाजारातून येताना नाक्यावर थांबली. समिधाच्या बोर्डाची एक कड वाऱ्याने उलटली होती आणि त्याखालून दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा डोकावत होता. गेल्या आठवड्यातला, गावातल्या देवेशचा वाढदिवस. त्याच्याखाली आणखी कुणी असणार. कोपरला बोर्ड उतरवत नाहीत. नवा लागतो, जुना झाकला जातो आणि कुणीही विचारत नाही, की जुना कुठे गेला.

ती धावतच दुसऱ्या मजल्यावर गेली. गोदाताई ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या.

"गोदाताई, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"माजा? कुनाला म्हाईत. आधारवर एक जून हाय, ती मास्तरानी टाकलेली."

"पण खरा?"

"आय सांगायची, पोपटीचे दिसांन झालीस." गोदाताईंनी हातातली काडी बाजूला टाकली. "कनाला गं?"

पोपटीचे दिवस म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरून शेतात भाजायचे दिवस. थंडीचे. म्हणजे तेच दिवस चालू होते. परवाच गच्चीवर मडकं लागलं होतं.

"मग गुरुवारी तुमचा वाढदिवस," भावना म्हणाली. "नाक्यावर बोर्ड लावायचा तुमचा."

"मना? बोर्डावर? याड लागला का तुला? म्हातारपनी माजा थोबाड कोन बघल?" गोदाताई हसून हसून खोकल्या. मग भावनाने त्यांच्याजवळ खाली बसून सगळं सांगितलं. केसाळ मनगटांपासून दहातल्या नवांपर्यंत. गोदाताई गंभीर झाल्या. सुपातली सुकट त्यांनी नीट सारखी केली.

"ह्ये पुरुष मानसांना कलत नाय," त्या म्हणाल्या. "पोर परत आयली नि तिना वरती बघला, तं?" त्यांनी पदराने हात पुसले. "फोटो कंचा लावशील?"

"तुम्ही सांगाल तो."

"तो माजे भाच्याचे, दिपेसचे हलदीचा लाव. गॉगलवाला."

बुधवारी भावना स्वतः डोंबिवलीत बोर्डवाल्याकडे जाऊन बसली. मजकूर तिने लिहिला. मराठीची बी. ए. इतक्या वर्षांनी कामाला आली. 'आमच्या घराचा कणा, भोईर कुटुंबाची अन्नपूर्णा, सौ. गोदा काळुराम भोईर यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुक म्हणून घरच्या सगळ्यांची नावं, आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, 'कै. गुणाजी भोईर यांच्या आशीर्वादाने'. बोर्डवाल्याने सवयीने कोपऱ्यात एक वाघ बसवला होता. तो म्हणाला, "सासऱ्यांचं नाव बारीक करू का? जागा कमी पडतेय." भावना म्हणाली, "वाघ काढा. नाव मोठं करा."

गुरुवारी सकाळी माणसं शिडी घेऊन आली. भावना खाली उभी राहून बघत होती. समिधाचे डोळे झाकले गेले, मग खांद्यावरच्या चांदण्या, मग ती परकी मनगटं. शेवटी नऊवारीतल्या, गळाभर दागिन्यांतल्या, काळा गॉगल लावलेल्या गोदाताई नाक्यावर उभ्या राहिल्या.

काळुरामदादा दहा वाजता बुलेटवरून आले आणि ब्रेक लावून थांबले. गाडी बंद केली. भावना पानाच्या टपरीआड सरकली. दादांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वरची ओळ वाचली. बायकोच्या फोटोकडे त्यांनी असं बघितलं, जसं एखाद्या नव्या माणसाकडे बघतात.

"आज वाडदिवस हाय हिचा?" त्यांनी भावनाला विचारलं. ती टपरीआड आहे हे त्यांना दिसलं होतं.

"पोपटीच्या दिवसांतला आहे, दादा. आजचा धरला."

त्यांना सगळं कळलं होतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. बुलेटला किक मारता मारता ते म्हणाले, "केक कुटला चांगला भेटतो गं? बिनअंड्याचा नको."

रात्री गच्चीवर डीजे लागला. गोदाताईंनी पहिल्यांदा केक कापला आणि पहिला घास कुणाला द्यायचा ते न कळून स्वतःच खाल्ला. गावात तीन दिवस त्या गॉगलशिवाय दुसरा विषय नव्हता.

शुक्रवारी फोन नाही. भावना आता त्या शांततेत राहायला शिकली होती. पोळ्या लाटताना तिला लांबच लांब मैदान दिसायचं, दोर, लाकडी फळ्या, आठ मुली आणि एक खोटी नदी, जी ओलांडायची असते. समिधा फळी टाकते, मागे वळून बघते. आधी ती मागे वळली, की भावना त्या चित्रात धावत जायची. आता ती काठावरच उभी राहायची.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, दुपारी एकला फोन वाजला.

"आई." मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. "आई, नाही झालं. बावीसमधले चार घेतले."

भावनाने डोळे मिटले. इतके दिवस तिने मनात हा क्षण शंभरदा घडवला होता. त्यात प्रत्येक वेळी तिला सुटल्यासारखं वाटायचं. तसं काहीच वाटलं नाही. आपल्याच हातातून काहीतरी निसटून खाली पडल्यासारखं झालं, आणि ते काय होतं हे तिला तेव्हा कुठे कळलं. तिला ते हवं होतं. मुलीइतकंच हवं होतं.

"जेवलीस का?" एवढंच तिला विचारता आलं.

रविवारी पहाटे ती एकटीच कल्याणला गेली. समिधा उतरली, काळवंडलेली, बारीक झालेली, पाठीला सॅक. दोघी रिक्षात बसल्या. ठाकुर्लीपर्यंत समिधा बाहेर बघत होती. कोपर जवळ आलं तशी ती आक्रसून बसली.

"आई, नाक्यावरून नको ना. मागच्या रस्त्याने जाऊ. सगळे विचारतील."

"चल गं. काही होत नाही."

नाका आला. समिधाने वर बघितलं आणि तिच्या तोंडून असा विचित्र आवाज निघाला, की रिक्षावाल्याने वळून बघितलं. ती हसत होती. सहा दिवसांत पहिल्यांदा.

"ही काकी आहे? गॉगल लावून? काकीचा वाढदिवस कधीपासून असतो?"

"असतो. पोपटीच्या दिवसांत."

स्टँडवरून कुणीतरी हाक मारली. "काय समिधा, कुठे गेलेलीस? काकीची पार्टी चुकवलीस ना! काळुशेठ नाचले माहितीये का?"

"मैत्रिणीकडे गेलेले," समिधा म्हणाली, आणि रिक्षा वळली. तिला कुणीही दुसरं काही विचारलं नाही.

घरी येऊन ती संध्याकाळपर्यंत झोपली. उठल्यावर आईच्या पलंगावर येऊन पडली आणि छताकडे बघत सगळं सांगत राहिली. गुजरातची मुलगी निवडली गेली. मुलाखत घेणारे कर्नल फार हळू बोलायचे. "मला विचारलं, घरचे लोक तुझ्याबद्दल काय म्हणतात. मी म्हटलं, वडील म्हणतात हट्टी आहे, काका म्हणतात धावते चांगली. आणि आई? मी म्हटलं, सर, आईला काय वाटतं ते मी कधी विचारलंच नाही." ती कुशीवर वळली. "काय वाटतं गं तुला?"

भावनाने तिच्या केसांत बोटं घातली.

"मला वाटतं, पुढचा फॉर्म कधी निघतो ते तू आधीच बघून ठेवलं असशील."

समिधाने मान उचलून आईकडे बघितलं. "जूनमध्ये. सप्टेंबरला पेपर." मग जरा चाचपून म्हणाली, "वयाच्या पंचवीसपर्यंत चालतं. अजून दोन-तीनदा देता येईल."

"मग यंदा मॉक मुलाखतींना मेघनाकडे जाऊ या. मी बोलते तिच्याशी. उद्याच बोलते."

समिधाने डोळे मिटले. हळूहळू तिचा श्वास लांब झाला. खाली दादा कुणाला तरी मोठ्याने बजावत होते, की उद्यापासून सकाळी सहा, खाडीचा रस्ता. भावना अंथरुणाच्या कडेला बसून राहिली. तिला एक मोठं मैदान दिसत होतं, समुद्राजवळचं कुठलं तरी, निवडलेल्या मुलींना जिथे अधिकारी घडवतात त्या चेन्नईचं असावं. बँड वाजत होता. शेकडो मुली एका पावलाने चालत येत होत्या. कडेच्या खुर्च्यांवर आया बसल्या होत्या, त्यांच्यात ती होती, शेजारी गॉगल लावून गोदाताई. रांग जवळ आली. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, हनुवट्या सारख्या, हात एकाच उंचीपर्यंत जात होते. त्यातली आपली कोणती, हे भावनाला काही केल्या ओळखता येईना. ती शोधत राहिली, आणि शोधताना तिला जराही घाई नव्हती.